बिरूतात्यांचे जिवंत मासे

सुरुवातीलाच सांगून टाकतो. चूक माझी होती. ती कळल्यावरही मी चौदा महिने गप्प बसलो, आणि हे गप्प बसणं मूळ चुकीपेक्षा वाईट होतं.

मी पुण्यात माशांच्या रक्तावर काम करतो. माशाच्या रक्तातही आपल्यासारख्या पांढऱ्या पेशी असतात. शरीरात रोगजंतू शिरला की त्यातल्या काही पेशी एक रस सोडतात. पुस्तकात त्यातल्या द्रव्यांना सायटोकाइन म्हणतात. त्याचा अंश दुसऱ्या पेशींपर्यंत पोचला की त्या चवताळून उठतात आणि जंतू गिळायला लागतात. हे तपासायला आम्ही पेशींना तो रस आणि सोबत एक पिवळं रसायन देतो. चवताळलेल्या पेशी त्याचं निळं करून टाकतात. निळं दिसलं म्हणजे हाक पोचली. पिवळंच राहिलं म्हणजे कोणी ऐकलं नाही.

ब्याण्णवच्या सुमाराला माशांच्या अंगावर जखमा पडण्याचा रोग ठिकठिकाणी दिसत होता. उजनी धरणाच्या फुगवट्यातल्या रोहू माशांच्या पेशी अशा हाकेला ओ देतात का, हे मला बघायचं होतं. जिवंत मासा पुण्यापर्यंत टिकेना, म्हणून बारामतीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा कोपरा मागून घेतला. फुगवट्याकाठच्या पळसदेवहून मासे आणायचे बिरूतात्या. एसटीने, भिगवणला गाडी बदलून, मोठ्या ॲल्युमिनियमच्या हंड्यात. सगळा वेळ हंड्यात हात घालून पाणी थोपटत यायचे, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. हात थांबला की मासा संपला. ते पोचायचे तेव्हा त्यांचा उजवा पंजा पांढरा पडून सुरकुतलेला असायचा. मी तो पंजा रोज पाहत होतो.

आणि पेशी रोज पिवळ्या राहत होत्या.

त्याआधी बरीच वर्षं मी माणसाच्या रक्तावर काम केलं होतं. पेशी रात्रभर ठेवायची पेटी सदतीस अंशावर लावायची, ही हाताची सवय. माशाला स्वतःची ऊब नसते, पाणी जसं तसं त्याचं अंग. त्याच्या पेशी अठ्ठावीसच्या आसपास ठेवायच्या असतात, हे मला माहीत होतं. मीच तसं एका व्याख्यानात सांगितलंही होतं. तरी हाताने काटा सदतिसावर नेला आणि डोक्याने विचारलं नाही.

शेवटी मी ठरवलं की मासेच अर्धमेले येतात. एका सकाळी पळसदेवच्या काठावर वजनाच्या वेळी गेलो आणि सगळ्यांसमोर ओरडलो, "जिवंत म्हणून मेलेले मासे गळ्यात मारता? लाज नाही वाटत?" बिरूतात्या एवढंच म्हणाले, "मासं जितं हुतं, सायेब." मी ऐकलं नाही. अहवालातही दोन ओळी लिहिल्या की नमुने पुरवणाऱ्याच्या अप्रामाणिकपणामुळे प्रयोग वाया गेला.

चार वर्षांनी पुण्यात तोच प्रयोग पुन्हा केला. पेटी एका तरुण सहकाऱ्याने लावली होती. पेशी निळ्याशार. फरक कुठे पडला म्हणून जुनी वही उघडली. प्रत्येक पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ३७.

बारामती

घरी मी एकटाच असतो. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली. चूक बोलून दाखवावी असं कोणी नव्हतं. तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. आमच्या कचेरीत चूक कबूल करायची रीत म्हणजे शुद्धिपत्र. ते मात्र पाठवलं. त्या दोन ओळी मागे घेतल्याचं एका ओळीचं पत्र आलं, जावक क्रमांकासह. त्यानंतरही झोप येईना. मग सत्त्याण्णवच्या मे महिन्यात रजा टाकली, सूक्ष्मदर्शक त्याच्या लाकडी पेटीत बंद केला आणि बारामतीची एसटी पकडली.

कंडक्टर पेटीकडे बघून म्हणाला, "भजनाला निघालाय जणू?"

"सूक्ष्मदर्शक आहे."

"वाजतो का?"

"नाही."

"मग मांडीवर घ्या. वाजत असता तर पुढं बसवला असता."

गाडी हसली. मीही हसलो, आणि लक्षात आलं की बऱ्याच दिवसांनी कोणी माझ्याशी कामाशिवाय बोललं होतं.

बारामतीत पूर्वीच्याच लॉजवर उतरलो. खाणावळीत पोऱ्याने दोन पेले ठेवले, "एकटंच का?" म्हणाला, आणि मी मान हलवल्यावर एक पेला उचलून नेला. वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी, गरम बाजरीची भाकरी. पुण्यात भाकरी मागवावी लागते, इथे नको म्हणावी लागते. चव चांगली होती, पण दोन घासांपुढे जाईना.

सकाळी कॉलेजात गेलो. विभागप्रमुख जुने ओळखीचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "अहवाल दुरुस्त झाला ना? मग आता कशाला उकरून काढता? त्या माणसाच्या लक्षातही नसेल."

प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली तेव्हा हणमंत नावाचा मदतनीस होता. तो नोकरी सोडून एमआयडीसीतल्या एका दूध डेअरीत लागल्याचं कळलं. पाळी सुटायच्या वेळेला फाटकाशी जाऊन उभा राहिलो. मोटरसायकलींचा लोंढा बाहेर पडला, दुधाचा आंबूस वास आणि पेट्रोल. हणमंतने मला आधी ओळखलं. गाडी थांबवून पाया पडायला वाकला, मला नको झालं.

"काय काम करतोस इथे?"

"दुधाचं टेंपरेचर बघतो, सर. चार डिग्रीच्या वर काटा सरकला की साऱ्या खात्याला उठवायचं. ल्हान-मोठा बघायचा न्हाय." मग तो म्हणाला, "तुमी त्या माशांचं इचारायला आलाय व्हय?"

"तुला कसं कळलं?"

"पेटीचा काटा रोज मीच बघायचो की. सदतीस. एका येळेला वाटलं इचारावं, मासं थंड पाण्यातलं, एवढं तापवायचं कशाला. पर म्हनलं, सायबास्नी कळत असंल."

टपरीवर चहा घेतला. वाटलं, याने विचारलं असतं तर. आणि तो विचार येताच शरम वाटली. कारण पाच वर्षांपूर्वीही मी हेच केलं होतं, दोष ठेवायला दुसरं माणूस शोधलं होतं.

"तात्या आता पळसदेवला न्हाईत," हणमंत म्हणाला. "कळंबला लेकीकडं असत्यात. तुमी वरडून गेल्यावर काठावर त्यांची पाटी कुनी हाताळंना. त्यात ते मूळचे मेंढरामागचे. धरणाच्या पाण्यात चरायची रानं गेली तवा मेंढरं इकून जाळं धरलं. पिढीजात मासेवाले आधीच म्हनत, मेंढक्याला मासं काय कळतंय. तुमी त्यांच्या हातात दगड दिला, सर."

पाटी म्हणजे मासळीची टोपली. जिवंत-ताजी मासळी हीच त्या धंद्याची अब्रू. मेलेलं जितं म्हणून दिलं, असं ज्याच्याबद्दल चारचौघांत बोललं गेलं, त्याच्याकडून कोण घेणार? मला हे तेव्हाही कळू शकलं असतं. मी विचारलं नव्हतं एवढंच.

कळंब

दुसऱ्या दिवशी दुपारी कळंबच्या फाट्यावर उतरलो. कॅनॉलच्या कडेने चालत निघालो. दोन्ही बाजूंना ऊस, वारा बंद, पेटीचा कडी असलेला कोपरा पायावर आपटत होता. एका वळणावर पाय घसरून गुडघ्यापर्यंत पाटाच्या चिखलात गेलो. पेटी वाचवली, चप्पल गेली. अशा अवस्थेत, एक पाय अनवाणी, बिरूतात्यांच्या लेकीच्या दारात उभा राहिलो.

लेकीने, सखूबाईंनी, मला ओळखलं; त्या दिवशी त्याही काठावर असाव्यात. चेहऱ्यावरून कळलं. तरी पाय धुवायला पाणी दिलं, घोंगडी टाकली, चहा केला. कप माझ्या हातात न देता समोर जमिनीवर ठेवला. आमच्याकडे नको असलेल्या पाहुण्याला "ते घरी नाहीत" म्हणून दारातून परत लावतात. इथे राग चुलीशी बसून चहा उकळत होता.

"आबा मेंढरं घिऊन गेल्यात," त्या म्हणाल्या. "चारच हायेत. येतील."

"मी माफी मागायला आलोय."

"लवकर आलासा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

बिरूतात्या उन्हं उतरताना आले. थकले होते, पण चाल तीच. मला बघून काठी भिंतीला लावली आणि म्हणाले, "सायेब, चप्पल कुठं गेली?"

"चिखलात."

"कॅनॉलचा चिखूल लई गुळगुळीत. बसा."

मी सगळं सांगायला लागलो. पेटी उघडली, सूक्ष्मदर्शक मांडला, आरशाने ऊन घेतलं, पुण्यात केलेली काच खाली सरकवली. बरोबर तापमानाला ठेवलेल्या रोहूच्या पेशी, निळ्या झालेल्या. तात्यांना एक डोळा मिटायला जमेना. सखूबाईंनी मागून हात धरून त्यांचा डोळा झाकला.

"निळं ठिपकं दिसत्यात."

"त्या पांढऱ्या पेशी. एकीने हाक दिली की दुसऱ्या उठतात. उठल्या की अशा निळ्या दिसतात."

तात्या जरा वेळ बघत राहिले. "लांडगा आला की एक मेंढरू बिथरतंय, मग समदा कळप. तसंच की."

"अगदी तसंच."

"मग माझ्या माशांनी का न्हाय ऐकलं?"

"मी त्यांना फार तापवलं. माणसाच्या अंगाच्या उबेत ठेवलं."

"माणसाच्या उबेत मासा कसा बोलंल?" तात्या स्वतःशीच म्हणाले. मग काचेवरून डोळा काढला. "हे माझं मासं हायेत व्हय?"

"नाही. पुण्याजवळच्या तळ्यातले."

"मग ह्यात माझं काय?"

एवढ्या लांब ती जड पेटी आणली होती. खरं तर ती मी स्वतःसाठीच आणली होती, म्हणजे बोलायला लागलं तर पुढे यंत्र ठेवता येईल. मी काच काढून खिशात टाकली आणि हात जोडले.

"तात्या, चुकलो. माफ करा."

त्यांनी हात वर केला, थांबवायला. "मला कशापाई सांगताय? मला ठावं हाय की मासं जितं हुतं. माझाच हात व्हता पाण्यात. ज्यांना ठावं न्हाय त्यांना सांगा. काठावर बोलला, तितंच बोला."

"आबा, कशाला जाताय तितं परत?" सखूबाई म्हणाल्या. "पाच वरसं झाली. त्या काट्यावरच्या सुंदराबाईनं तुमास्नी पाटी उचलून न्यायला लावली व्हती."

"म्हनूनच जायाचं," तात्या म्हणाले.

सूक्ष्मदर्शक तिथेच सखूबाईंच्या माळ्यावर ठेवला. जेवायला हुलग्याचं पातळ माडगं आणि ज्वारीची भाकरी होती. त्या घरात मासा शिजत नव्हता. तात्यांनी त्या दिवसापासून तोंडात घेतला नव्हता. मला अंगणात बाज दिली. सकाळी निघताना सखूबाईंनी नवऱ्याच्या जुन्या चपला माझ्यापुढे टाकल्या. चपला एक बोट मोठ्या होत्या.

पळसदेव

इंदापूरला गाडी बदलली आणि सोलापूर-पुणे रस्त्याच्या गाडीत बसलो. तात्या खिडकीशी. त्यांचा उजवा पंजा गुडघ्यावर होता आणि एका लयीत थोपटत होता. मला वाटतं त्यांना ते कळत नव्हतं. मी समोरच्या सीटच्या पत्र्याकडे बघत बसलो. शेजारी माणूस असून इतकं एकटं मला पूर्वी एकदाच वाटलं होतं, दवाखान्याच्या बाकावर.

मे महिन्याने पाणी लांब नेलं होतं. धरणात बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर आणि खाली थोडी भिंत उघडी पडली होती, दगडांवर वाळलेलं शेवाळ. काठापासून पाण्यापर्यंत भेगाळलेली माती, तिच्यात शिंपल्यांचा चुरा. दहा-बारा माणसं होती, तेवढ्याच पाट्या. मधे तिवईला टांगलेला काटा, आणि काट्याशी सुंदराबाई. सगळ्यांची मासळी त्याच तोलायच्या. काही जण टायरच्या ट्यूबांवर बसून अजून पाण्यातच होते, जाळी ओढत.

तात्यांना बघून काटा थांबला.

"आलं का मेंढकं!" कोणीतरी म्हणालं. "तात्या, मेंढरं पवायला आणली काय?"

"पवत्याली की," तात्या म्हणाले. "तुज्यापेक्षा बरी."

हसणं झालं, पण जवळ कोणी आलं नाही. सुंदराबाईंनी मला डोक्यापासून चपलेपर्यंत न्याहाळलं. "ह्ये तेच सायेब न्हवं? आता कुनाचं मासं मेलं?"

मी बसमध्ये वाक्यं जुळवली होती. तीच म्हणू लागलो. "पाच वर्षांपूर्वी या ठिकाणी मी जे विधान केलं, ते अपुऱ्या माहितीच्या आधारे..."

"सायेब," सुंदराबाई म्हणाल्या, "तवा असं बोलला न्हवता. तवा समद्यांना कळंल असं बोलला व्हता."

खरं होतं. मी ओठ पुसले. तात्या माझ्या बाजूला उभे होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. पाण्याकडे बघत होते.

"मी त्या दिवशी म्हणालो की तात्यांनी मेलेले मासे दिले," मी म्हणालो. "ते खोटं होतं. मासे जिवंत होते. मी ज्या पेटीत त्यांचं रक्त ठेवत होतो, ती नको इतकी गरम लावली होती. मीच. माझ्या हाताने. मेलं ते त्यांचं रक्त, तेही माझ्या पेटीत. ते मला वर्षापूर्वीच कळलं आणि तरी मी आलो नाही. भीती वाटली."

पाट्यांमधली एखादी शेपटी आपटल्याचा आवाज तेवढा. मग पाण्यातून, लांबच्या ट्यूबवरून, एक जण ओरडला, "काय म्हनतोय त्यो?"

"ऐकाय येत न्हाय त्यांस्नी," सुंदराबाई म्हणाल्या. "ते बी व्हते त्या दिवशी."

मी आयुष्यात फार कमी वेळा मोठ्याने बोललोय. प्रयोगशाळेत त्याची गरज पडत नाही. ओरडलो होतो तो त्या एकाच दिवशी. चपला एक बोट मोठ्या होत्या, त्या काढून ठेवल्या आणि पाण्याच्या कडेशी, ओल्या मातीत जाऊन उभा राहिलो.

"मासं जितं हुतं!" मी ओरडलो. माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली. माझ्या भाषेत ते एवढ्या लांब गेलं नसतं. "बिरूतात्यांचं मासं जितं हुतं! चूक माझी हुती!"

जवळच्या ट्यूबवरचा मागे वळला आणि पुढच्याला म्हणाला, "जितं हुतं म्हनतोय! तात्याचं मासं!" त्याने त्याच्या पुढच्याला सांगितलं. देवळाच्या शिखरापलीकडे एक ट्यूब होती. तिथपर्यंत ते गेलं, आणि तिथून कोणीतरी हात वर केला.

मी मागे आलो. सुंदराबाईंनी काट्याचं रिकामं पारडं हाताने स्थिर केलं. पुढची पाटी त्यांनी अजून उचलली नव्हती. बिरूतात्या होते तिथेच उभे होते. आता माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्या समोर गेलो. त्यांचा उजवा हात दोन्ही हातांनी धरला, तोच पंजा, आता कोरडा आणि खरखरीत. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो,

"तात्या, तुम्ही आणलेला प्रत्येक मासा जिवंत होता. मी तुम्हाला खोटं ठरवलं. मला माफ करा."